ताईंनी बोलावलंय

पंधरा खासदारांचंही पार्लमेंट असतं, हे ताईंनी मला सांगितलं तेव्हा मी खो खो हसले होते. "अहो, हे पार्लमेंट आहे की भिशी?" असं म्हणाले. मग भिशी म्हणजे काय ते त्यांना इंग्रजीत समजावून सांगावं लागलं, आणि कळल्यावर त्याही हसल्या. त्या हसल्या म्हणून मला वाटलं, चाललं. माझं हे असंच आहे. समोरचा हसला की मला परवानाच मिळाल्यासारखं होतं.

ताई म्हणजे इंग्लंडात, रीडिंगमधल्या आमच्या शेजारीण. दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं, नवऱ्याची कंपनी एम-फोर हायवेच्या कडेला, आणि आम्ही पुण्याहून उचलून टेरेस्ड घरात आणून ठेवलेले. भिंतीला भिंत लागून ताईंचं घर. त्या पॅसिफिकमधल्या एका इवल्याशा देशातल्या. देशाचं नाव लिहीत नाही, कारण तो इतका लहान आहे की नाव लिहिलं तर तिथल्या शेंबड्या पोरालाही कळेल मी कुणाबद्दल बोलतेय. तो देश स्वतंत्र व्हायच्या आधी तिकडे जमिनीची मोजणी करायला गेलेल्या एका इंग्रजाशी लग्न करून त्या इथे आल्या होत्या. तो वारला, मूलबाळ नव्हतं, आणि त्या एकट्याच राहत होत्या. माझ्या आईपेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी लहान असलेल्या बाईला नावानं हाक मारणं मला काही जमेना. म्हणून मी 'ताई' म्हणायला लागले. अर्थ सांगितला तेव्हा त्या जरा गंभीर झाल्या. "आमच्याकडे हा फार मोठा शब्द आहे," म्हणाल्या.

किती मोठा, तेही त्यांनी सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्यांच्याकडे मोठ्या बहिणीचा शब्द भाऊ मोडत नाही. म्हणजे आपल्याकडे लाडानं म्हणतात तसं नाही, खरंच मोडत नाही. ती जे मागेल ते त्यानं करायचं, का म्हणून विचारायचं नाही. आणि म्हणूनच बहीण सहसा काही मागतच नाही. लहानपणी एकदा ताई नुसतं म्हणाल्या होत्या की बाहेरच्या खडकापलीकडचा मासा खावासा वाटतोय. धाकटा भाऊ वाऱ्यावावटळीत होडी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसाबसा परत आला. आईनं थोबाडीत मारली ती ताईंच्या. त्याला कुणी चकार शब्द बोललं नाही. मागणाऱ्यानं आधी विचार करायचा, करणाऱ्याचा काय दोष, असा तिथला हिशेब.

मी ही गोष्ट ऐकली आणि म्हटलं, "अय्या, किती गोड! आमची भाऊबीज काय वेगळी असते?" आणि भाऊबीजेचं सगळं पुराण त्यांना ऐकवलं. ताटात काय काय टाकायला लावतो आम्ही भावांना, कशी हक्कानं साडी उकळतो. ताई ऐकत होत्या. नंतर म्हणाल्या, "तुम्ही बायका फार धीट." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

तो धाकटा भाऊ आता खासदार होता. मी त्याला गमतीनं भाऊसाहेब म्हणायची. ताईंचं बेट राजधानीपासून सगळ्यात लांबचं, तिथून दोन खासदार जायचे, त्यातला हा एक. पक्ष वगैरे भानगड नाही. निवडून यायचं ते आपल्या बेटाच्या नावानं, आणि मत कुणाला द्यायचं ते बेटावरच्या म्हाताऱ्यांच्या बैठकीत ठरायचं. भिंती नसलेलं एक मोठं सभाघर, प्रत्येक घराण्याचा खांब ठरलेला, आपापल्या खांबाला टेकून बसायचं. खासदारसुद्धा तिथे खाली मान घालून ऐकायचा. राणी तीच, इंग्लंडचीच. "म्हणून तर भावाला इथे यायला व्हिसा लागत नाही," असं ताई म्हणाल्या तेव्हा मात्र माझा तीळपापड झाला होता. आम्ही होम ऑफिसच्या पायऱ्या झिजवायच्या आणि हे आपले राणीचे नातेवाईक!

त्या वर्षी तिथलं सरकार डळमळत होतं. ताई दर शनिवारी सकाळी फोनवर ऐकायच्या आणि मग आमच्या मधल्या कुंपणाशी उभ्या राहून मला सांगायच्या. पंधरातला एक स्पीकर, तो मत देत नाही. उरले चौदा. सात इकडे, सात तिकडे. अविश्वास ठराव आला तर बरोबरी होणार, आणि बरोबरी झाली की ठराव पडतो, सरकार टिकतं. पण सातातला एक जरी हलला की गडगडलं सगळं. भाऊसाहेब सरकारच्या बाजूच्या सातांत. का, तर जहाजासाठी. बेटांमधून फिरणारं एकुलतं एक सरकारी जहाज, त्याची लांबच्या बेटाची फेरी चालू ठेवीन असा शब्द त्या पंतप्रधानानं दिला होता. विरोधातल्या सातांचं म्हणणं, ती फेरी परवडत नाही. तांदूळ, डॉक्टर, शाळेला गेलेली पोरं, सगळं त्या जहाजानंच यायचं. म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं, जागा सोडायची नाही, खुर्चीला चिकटून बसायचं. ताई हे सांगताना खुर्चीला धरल्यासारखं करून दाखवायच्या.

त्यातच ताईंच्या पोटात गाठ निघाली.

जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, स्कॅनला पाठवलं, स्कॅनवाल्यांनी सर्जनकडे, आणि ऑपरेशनची तारीख आली ती नेमकी त्या अधिवेशनाच्या आठवड्यातली. ताई स्वयंपाकघरातली कपाटं आवरायला लागल्या. नवऱ्याचे कपडे चॅरिटीच्या दुकानात देऊन आल्या. मला हे बघवेना. मी रोज काहीतरी डब्यात घालून न्यायची, मुगाची खिचडी, भोपळ्याचं सूप, आणि तिथे बसून बडबडायची. "तुमच्या भावाला कळवलं का?" विचारलं. म्हणाल्या, "पोटाचं मी त्याला कसं सांगणार?" भावाशी बहिणीनं स्वतःच्या शरीराबद्दल बोलायचं नाही, हीही तिथली रीत. भाऊ-बहीण मोजकंच बोलतात, आदरानं. काही अवघड सांगायचं तर मधे तिसरा माणूस लागतो.

आता तिसरा माणूस म्हटलं की मी आहेच. आमच्या घरी म्हणतात, हिला कुणाच्या लग्नात बोलावलं नाही तरी मांडव हीच घालणार.

शनिवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी तिथेच होते. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत. दोघं आपल्या भाषेत दोन-चार वाक्यं बोलले आणि ताईंनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. "मी आजारी आहे एवढंच सांगितलं. त्याला डॉक्टर काय म्हणाले ते विचारायचंय. तूच सांग."

मी सांगितलं. गाठ कुठे आहे, ऑपरेशन किती मोठं आहे, वय काय, धोका काय. भाऊसाहेबांचं इंग्रजी आमच्यापेक्षा स्वच्छ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, अगदी हळू.

"माझी बहीण मला बोलावते आहे का?"

मी ताईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. आणि मी म्हणाले, "हो. ताईंनी बोलावलंय. या तुम्ही."

आपल्याकडे असं म्हणतात हो! मी लहानपणापासून हेच करत आले. कुणाच्या दारात जाऊन "आईनं तुम्हाला जेवायला बोलावलंय" म्हणायचं, आईच्या मनात असो-नसो. आई मागून हसून मान डोलावणार, हे ठरलेलंच. मोठ्यांच्या नावानं बोलावलं की बोलावण्याला मान येतो, एवढाच त्याचा अर्थ. त्यात खोटं आहे असं मला कधी शिवलंही नाही. सरकारं काय, येतात नि जातात. माणूस ऑपरेशनच्या टेबलावर एकटं पडलेलं मोठं की सरकार मोठं? असा सगळा विचार मी त्या अर्ध्या क्षणात केला असेल, किंवा केलाही नसेल. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

"बघा, येतायत!" मी म्हटलं, लढाई जिंकल्याच्या थाटात. ताई उठल्या, किटली लावली आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मला वाटलं, भरून आलंय. मी मायेनं त्यांच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला. आता आठवलं की तो हात मला माझा वाटत नाही.

हीथ्रोला नवऱ्यानं आणि मी त्यांना आणायला गेलो. एवढा थोरला माणूस, अंगात पातळ जाकीट, पायात सँडल, आणि काखेत गुंडाळलेली विणलेली चटई, बहिणीसाठी. गाडीत बसल्या बसल्या झोपले. त्यांचा बोलण्याचा आवाज इतका बारीक की आमचा मुलगा म्हणाला, "आई, हे खरंच पॉलिटिशियन आहेत का?"

ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली, पुढचे रिपोर्टही चांगले आले. भाऊसाहेब दिवसभर वॉर्डात बसून राहायचे, पलंगाला अगदी लागून नाही, जरा लांब, दाराजवळच्या खुर्चीत. दुपारी मी त्यांना घरी आणून जेवायला घालायची. अशाच एका दुपारी ते आमच्या टेबलावर आमटी-भात खात होते आणि त्यांच्यासाठी तिकडून फोन आला. त्यांनी ऐकून घेतलं. दोन शब्द बोलले. फोन ठेवला आणि पुन्हा जेवायला बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"सरकार पडलं. सहा विरुद्ध सात." आणि म्हणाले, "लिंबाचं लोणचं आहे का अजून?"

मी लोणचं वाढलं. म्हटलं, "मला फार वाईट वाटतंय हो." ते म्हणाले, "तुम्हाला का? माझ्या बहिणीनं बोलावलं, मी आलो. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही." इतक्या सरळपणे म्हणाले की मी तिथेच सांगायला हवं होतं, अहो, ताई बोलल्याच नव्हत्या, मी बोलले. जीभ, जी एरवी कुणाच्या बापाला ऐकत नाही, ती त्या दुपारी गप्प बसली. मी विचारलं, "भात वाढू का?"

ताई घरी आल्या, हिंडू-फिरू लागल्या, तोवर ते परत गेले होते. मग शनिवारचे फोन वेगळे व्हायला लागले. नव्या सरकारनं लांबच्या बेटाची फेरी बंद केली नाही, पण 'जमेल तेव्हा' केली, आणि सरकारात 'जमेल तेव्हा' म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. नाताळात बेटावरची मोठी पोरं दुसऱ्या बेटावरच्या शाळेतच अडकून पडली. आईबापांनी किनाऱ्यावर पालं टाकून वाट बघितली, जहाज आलंच नाही. ताईंनी मला हे कुंपणाशी उभं राहून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं, दार अर्धंच उघडून.

"तुमच्या भावाला फार बोलले असतील," मी म्हटलं.

"त्याला कशाला बोलतील?" त्या म्हणाल्या. "त्यांनी त्याला एवढंच विचारलं, तू का गेलास? त्यानं सांगितलं, बहिणीनं बोलावलं. झालं. आता मला जायचं आहे."

सभाघरात जाऊन बसायचं, म्हणजे ज्यानं मागितलं त्यानं येऊन सगळ्यांसमोर खाली बसायचं. कुठल्याही खांबाला टेकायचं नाही, मधे मोकळ्या जागेत. सगळे बोलून घेईपर्यंत वर बघायचं नाही. पोटावरचा व्रण अजून ओढत होता बाईंचा, खाली बसताना आमच्या सोफ्यालासुद्धा धरावं लागायचं.

मी उसळलेच. म्हटलं, "हे काय, चोर सोडून संन्याशाला फाशी? फोन द्या मला. मी सांगते त्या म्हाताऱ्यांना. तुम्ही बोलावलंच नव्हतं, मी बोलावलं. माझ्या तोंडचं वाक्य आहे ते. त्यांनी काय बोलायचं ते मला बोलावं."

ताई माझ्यावर कधी रागावल्या नव्हत्या. तेव्हा रागावल्या.

"तू कोण त्याची?" त्या म्हणाल्या. "तुझ्या शब्दाला तिथे वजन काय? तू हजार वेळा ये म्हणाली असतीस तरी तो आला नसता. त्यानं विचारलं, माझी बहीण बोलावते का. मी तिथे बसले होते. मी ऐकलं. मी हात पुढे करून फोन घेऊ शकत होते, नाही म्हणू शकत होते." मग म्हणाल्या, "नाही म्हणाले नाही. मला भीती वाटत होती. मला तो हवा होता."

"पण मी जर बोललेच नसते..."

"तर मी मागितलं नसतं. आणि तो आला नसता, आणि जहाज आलं असतं. हो. पण तू बोललीस आणि मी ते घेतलं. आता ते माझं आहे. ते माझ्याकडून काढून घेऊ नकोस."

दोष द्या म्हटलं तर तोही मिळेना. मी रडले, आणि त्यांनीच मला पाणी दिलं, याचीसुद्धा लाज वाटते.

वसंतात त्या बेटावर गेल्या. मला वाटलं होतं महिनाभरात येतील. मग घरापुढे एजंटची पाटी लागली आणि एक तरुण जोडपं राहायला आलं, भली माणसं, त्यांना मी कधी डबा नेला नाही. नवरा म्हणायचा, तू कुठे कोणाचं वाईट चिंतलं होतंस, सोड आता. चिंतलं नव्हतं, हेच तर. वाईट चिंतलं असतं तर देवापुढे नाक घासून मोकळी झाले असते.

ताईंच्या बेटावर तेव्हा घरोघरी फोन नव्हते. खटपट करून त्यांच्या भावाचा नंबर मिळवला, पुढच्या निवडणुकीला ते उभेच राहिले नव्हते, आता बेटावरच असायचे. कित्येक दिवस लाइन लागेना. शेवटी एका शनिवारी सकाळी लागली. त्यांनी लगेच ओळखलं. मुलांची चौकशी केली. मी विचारलं, सभेत काय झालं? म्हणाले, "बसली ती. दुपारभर बसली. सगळे बोलले, बायकाही बोलल्या, ज्यांची पोरं आली नव्हती त्या. मग सगळ्यात म्हातारा उठला, त्यानं तिला हात धरून उठवलं आणि नारळ प्यायला दिला. संपलं. आता ती आपल्या खांबाशी बसते."

माझा जीव भांड्यात पडला. निदान पडायला हवा होता. मी म्हटलं, "मला बोलायचंय त्यांच्याशी. दोनच मिनिटं."

पलीकडे समुद्राचा की लाइनचा, कसलातरी घोंघावणारा आवाज येत राहिला.

"तिनं सांगून ठेवलंय," ते अगदी मऊपणे म्हणाले, "तुमचा फोन आला तर ती बरी आहे म्हणून सांगायचं. तिच्या हातात द्यायचा नाही."

"का?" मी विचारलं. माझ्या तोंडून तेच आलं.

"मी विचारलं नाही. बहिणीला विचारत नाही आम्ही."

मी माफी मागणार होते. पाठ करून ठेवलं होतं, इंग्रजीत, दोन ओळी. म्हणजे इतकं सगळं होऊन मी पुन्हा ताईंकडे काहीतरी मागायलाच फोन केला होता, आणि त्यांनी ते जायच्या आधीच ओळखलं होतं. त्यांच्या भावानं विचारलं, "तिला काही निरोप द्यायचा आहे का? ती इथेच बसली आहे."

मी म्हटलं, "नाही. काही नाही." आणि फोन ठेवायचं धाडस होईना म्हणून नुसती तो धरून उभी राहिले.